नवव्या दिवशी काय केलंत?

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची, ज्युनिअर केजीत आहे. केस दाट, खांद्याच्या खाली आलेत. अनंत चतुर्दशीच्या सुमारास तिच्या डोक्यात उवा दिसल्या. मेडिकलमधून लोशन आणून रविवारी लावलं. गुरुवारी दोन-तीन बारीक उवा दिसल्या म्हणून घाबरून पुन्हा लावलं. मग काही दिसलं नाही. दसऱ्याला पाहते तर पुन्हा जैसे थे. सासूबाई म्हणतात, एकदाचं टक्कल करून टाका. शेजारच्या काकूंनी सीताफळाच्या बिया वाटून लावायला सांगितल्यात. मुलगी रात्री आजीजवळ झोपते. शाळेच्या गेटवर बाईंनी इतर आयांसमोर सांगितलं, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. घर आरशासारखं ठेवते मी, तरी हे आलं कुठून?
— एक आई, चिंचवड

उत्तर : तुमच्या पत्रातला कामाचा शब्द आहे ‘गुरुवारी’.

बाकी सगळं ठीकच केलंत तुम्ही. औषध आणलंत, लावलंत, परत बघितलंतही. फक्त दुसरा हात फार लवकर फिरवलात. का ते नीट सांगते, कारण हा हिशोब डोक्यात बसला की उवा डोक्यात बसत नाहीत.

उवेची मादी दिवसाला सात-आठ अंडी घालते. प्रत्येक अंडं केसाच्या मुळाशी, अगदी कातडीला लागून चिकटवते. ती लीख. लिखेतून पिल्लू बाहेर यायला साधारण ८-९ दिवस लागतात आणि ते पिल्लू वाढून स्वतः अंडी घालायला लागेपर्यंत आणखी ९ ते १२ दिवस. आपल्याकडे दुकानात मिळणारी बरीचशी औषधं चालत्या-फिरत्या उवा मारतात, लिखा सगळ्या मारत नाहीत. म्हणजे रविवारी तुम्ही लावलेल्या औषधाने त्या दिवशीच्या उवा गेल्या. शनिवारी घातलेली लीख मात्र तशीच राहिली. गुरुवारी तुम्हाला दिसल्या त्या जुन्या लिखांतून मधल्या चार दिवसांत बाहेर पडलेल्या. त्याही गेल्या. पण शनिवारची लीख अजून फुटलेलीच नव्हती! ती फुटली पुढच्या रविवार-सोमवारी, तुम्ही निर्धास्त झाल्यावर. ती पिल्लं वाढली, त्यांनी अंडी घातली, ती अंडी फुटली. मोजून बघा, दसराच येतो.

म्हणून दुसरा हात नवव्या दिवशी. पहिला दिवस शून्य धरायचा. रविवारी औषध लावलं तर मधला रविवार जाऊ द्यायचा आणि त्यानंतरच्या मंगळवारी पुन्हा लावायचं. तोवर जुन्या लिखा जवळजवळ सगळ्या फुटलेल्या असतात आणि नव्या उवांपैकी एकीलाही अंडी घालायचं वय आलेलं नसतं. या मधल्या फटीत त्यांना गाठायचं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेला लाल पेनाने गोल करून ठेवा. मी माझ्या पेशंटांच्या आयांना औषधाच्या चिठ्ठीवरच तारीख लिहून देत असे. तरी निम्म्याजणी विसरायच्या, कारण तोवर खाज थांबलेली असायची.

मीही विसरले होते. माझी मुलगी चार वर्षांची असताना आमच्याकडे एक लग्न होतं. हळदीच्या दिवशी माझ्या नणंदेने तिचा आंबाडा घालायला घेतला आणि हात तसाच थांबवून मला स्वयंपाकघरात बोलावलं. काही बोलली नाही, नुसतं बोट दाखवलं. कानामागे, केसांच्या मुळाशी, तिळाएवढी एक करडी ऊ सरकत होती. मी लहान मुलांची डॉक्टर. आदल्याच दिवशी ओपीडीत तीन मुलांची डोकी तपासून घरी आले होते, आणि घरच्या डोक्याकडे महिनाभर नीट बघितलं नव्हतं. त्या रात्री औषध लावलं. नववा दिवस आला तेव्हा पावसाळ्याच्या तापांची ओपीडी तुडुंब भरलेली होती, आणि मला तो आठवला विसाव्या दिवशी, माझंच डोकं खाजायला लागल्यावर. घरात आम्ही चौघंही त्यात सापडलो. सासऱ्यांना टक्कल होतं, ते तेवढे सुटले.

तेव्हा ‘घर आरशासारखं ठेवते’ हा मुद्दा इथेच मिटवू. उवेला स्वच्छ-अस्वच्छ काही कळत नाही. तिला माणसाचं रक्त आणि केसांची ऊब एवढंच लागतं. रोज न्हाऊ घातलेल्या डोक्यातही ती सुखाने नांदते. तिला पंख नाहीत, उडीही मारता येत नाही, फक्त चालता येतं. एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जाण्यासाठी दोन डोकी एकमेकांना टेकावी लागतात. ज्युनिअर केजीतली मुलं दिवसभर दुसरं काय करतात? एका चित्रावर चार जणी ओणव्या होतात. म्हणून बाईंनी गेटवर जे सांगितलं ते निरोप म्हणून घ्या, दूषण म्हणून घेऊ नका. बाईंनी जरा बाजूला बोलावून सांगायला हवं होतं हे खरं, त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहिलंय.

आणि आजीजवळ झोपते हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. औषध लावायचं त्याच संध्याकाळी घरातलं प्रत्येक डोकं बघायचं. आजीचं सगळ्यात आधी. ज्यांच्या डोक्यात जिवंत ऊ दिसेल त्यांना त्याच दिवशी औषध. आजी तर एका उशीवर झोपतात, तेव्हा त्यांना एक-दोन लिखा दिसल्या तरी त्याच दिवशी उरकून घ्या. त्या ‘मला काही खाजत नाही’ म्हणतील. म्हणू दे. उवांची खाज म्हणजे त्यांच्या लाळेची अ‍ॅलर्जी, आणि पहिल्यांदाच उवा झाल्या असतील तर ती सुरू व्हायला चार-सहा आठवडेसुद्धा लागतात. तोवर डोक्यात संसार थाटलेला असतो आणि माणसाला पत्ता नसतो.

आता टक्कल. सासूबाई चुकीचं काही सांगत नाहीत. केस गेले की लिखा गेल्या, उवांना धरायला काही उरलं नाही, उपाय शंभर टक्के. पण साडेचार वर्षांच्या मुलीला जावळ आठवत नसतं, हे टक्कल मात्र आठवेल आणि ते का केलं हे वर्गात सगळ्यांना कळेल. पाव किलो साखरेसाठी कोणी उसाचा फड तोडत नाही. केस थोडे कमी करा, मानेपर्यंत आणा. फणी फिरवायचा वेळ निम्म्यावर येईल. तेवढं पुरे. सासूबाईंना सांगा, डॉक्टरांनी तुमचं अर्धं ऐकलंय.

सीताफळाच्या बिया मात्र नको म्हणजे नको. याला जरा थांबते, कारण सासवडकडची सीताफळं बाजारात आली की माझ्याकडे दरवर्षी एखादं तरी मूल डोळा घट्ट मिटून यायचं. बियांच्या पुडीने उवा मरतात, खोटं नाही. पण त्या बियांत जे विष असतं ते डोळ्यात गेलं तर बुब्बुळावरचा पातळ पडदा सोलवटून निघतो. लावताना काही वाटत नाही. दुपारी डोक्याला फडकं बांधून पोरगी खेळते, घाम येतो, घामाबरोबर ते कपाळावरून उतरतं, आणि संध्याकाळनंतर ती डोळाच उघडत नाही. एका मुलीला मी तशीच उचलून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. पाच दिवस पट्टी होती. आई रडत एकच म्हणत होती, ‘अहो, झाडपाल्याचंच होतं ना.’ असं कधी झालंच, तर भरपूर साध्या पाण्याने डोळा धूत राहायचं आणि लगेच डोळ्यांचा दवाखाना गाठायचा. दूध, गुलाबपाणी, तूप यात वेळ घालवायचा नाही.

त्याच रांगेत रॉकेल, पिकावर मारायचं औषध आणि झुरळांचा खडू. हे सगळं मी मुलांच्या डोक्यावर पाहिलेलं आहे, म्हणून सांगते. खोबरेल तेलात कापूर हा उपाय दिसायला सोज्वळ, पण कापूर लहान मुलांना फार बाधतो. तो कातडीतून भिनतो आणि हात चाटल्यावर पोटातही जातो, आणि थोड्याशाने झटके येऊ शकतात.

आता करायचं काय ते सांगते.

मेडिकलवाल्याकडे परमेथ्रिन १ टक्का असं मागा आणि बाटलीवरचा आकडा स्वतः वाचा. ५ टक्क्यांचं जे मलम मिळतं ते खरजेचं. काउंटरवरचा मुलगा ‘एकच आहे, स्ट्राँग आहे’ म्हणून तेच हातात ठेवतो. ते घेऊ नका. जास्त टक्के म्हणजे जास्त उवा मेल्या असं काही नसतं. आणि ‘उवांचा शाम्पू’ एवढंच मोठ्याने लिहिलेलं असेल तर मागच्या बारीक अक्षरांत आत काय आहे ते बघून घ्या.

लावण्याच्या आधी केसांत तेल नको. आपल्याकडे औषध फसायचं एक मोठं कारण मी हेच पाहिलंय. आदल्या रात्री आजीने डोक्यावर वाटीभर खोबरेल थापलेलं असतं आणि सकाळी त्यावरच औषध. केसांवर तेलाचा लेप असला की औषध उवेपर्यंत पोचतच नाही. आधी साध्या शाम्पूने तेल पूर्ण काढा, कंडिशनर लावू नका, टॉवेलने केस टिपून ओलसर ठेवा. मग औषध मुळापासून टोकापर्यंत, कानामागे आणि मानेवर नीट चोळा. मुलीच्या डोळ्यांवर कोरडी घडी धरायला लावा, तिला घडी धरायचं काम दिलं की ती रडत नाही. घड्याळ लावून १० मिनिटं, मग धुऊन टाका. हे बेसिनवर ओणवं करून करा, आंघोळीच्या वेळी सगळ्या अंगावरून औषध ओघळू देऊ नका. त्यानंतर दोन दिवस डोकं धुवायचं नाही.

रात्री दहाच्या सुमारास बघितलं आणि एखाददुसरी ऊ मंदपणे हलताना दिसली, तर औषध चाललंय. घाबरून गुरुवारसारखं करू नका, फणीने काढून टाका. पण औषधानंतर आठ-बारा तासांनीही त्या आधीसारख्याच तुरुतुरु पळत असतील, तर त्या औषधाला दाद देत नाहीत असं समजा. तेव्हा तेच औषध पुन्हापुन्हा न लावता डॉक्टरांना विचारा. दुसरी औषधं आहेत, पण मुलीचं वय आणि वजन बघून ती त्यांनीच द्यावीत.

आणि फणी! औषधाच्या दोन हातांमधले नऊ दिवस फणीचे.

माझी आजी दुपारची जेवणं झाली की मागच्या दाराच्या पायरीवर बसायची. उन्हाचा पट्टा बरोबर तिच्या मांडीवर यायचा. मांडीवर आजोबांच्या जुन्या धोतराचं पांढरं फडकं. आम्हा बहिणींपैकी एकीचं डोकं तिच्या दोन गुडघ्यांत. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक दात असलेली तिची लाकडी फणी तेलाने काळी झाली होती. आधी जाड बाजूने गुंता सोडवायची, मग बारीक बाजू टाळूला लावून शेवटच्या टोकापर्यंत ओढायची, फडक्यावर झटकायची. जे पडेल ते अंगठ्याच्या दोन नखांत धरून ‘टच्च’. आम्ही मोजायचो. एकदा माझ्या एकोणीस निघाल्या तेव्हा धाकटी जळली होती. मुद्दा असा, की आजी हे दर तीन दिवसांनी करायची. लीख किती दिवसांत फुटते हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. पण दर तिसऱ्या दिवशी नवी पिल्लं वयात यायच्या आत फडक्यावर पडायची. तिच्याजवळ औषध नव्हतं, वार तेवढे चुकत नव्हते.

तशीच फणी लाखीशमध्ये निघाली आहे. इस्राएलमधल्या त्या जुन्या शहराच्या उत्खननात सापडलेली हस्तिदंताची इवलीशी, जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची फणी, सुमारे ३,७०० वर्षं जुनी. तिलाही एका बाजूला ६ जाड आणि दुसऱ्या बाजूला १४ बारीक दात. तिच्यावर काही कोरलंय हे बरंच नंतर लक्षात आलं आणि २०२२ मध्ये ते वाचून प्रसिद्ध झालं. कनानी या तिथल्या प्राचीन लिपीतली सतरा अक्षरं. अर्थ असा, की या सुळ्याने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जावोत. त्या लिपीत सापडलेलं हे सगळ्यात जुनं पूर्ण वाक्य. माणसाने लिहायला शिकल्यावर काय लिहिलं बघा! गेटवर तुम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तेव्हा हे आठवायला हरकत नाही.

तर तुमच्यासाठी पद्धत अशी. लीख जेमतेम ०.३ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे दातांमधली फट त्याहून बारीक हवी. प्लास्टिकच्या फणीचे दात केसांत वाकतात आणि फट रुंदावते, म्हणून स्टीलची, लांब दातांची फणी घ्या. औषधानंतर तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी केस ओले करून भरपूर कंडिशनर किंवा खोबरेल लावा. आता तेल चालेल, उलट हवंच. तेलाने उवा खात्रीने मरत नाहीत, पण ओल्या बुळबुळीत केसांत त्यांना पळता येत नाही आणि फणी सरसर जाते. केसांचे चिमटे लावून आठ-दहा भाग करा. फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत एका ओढीत, आणि प्रत्येक ओढीनंतर पांढऱ्या कापडावर पुसायची. कापडावर काय आलं ते बघायचं. तुमच्या मुलीच्या केसांना अर्धा तास लागेल. समोर तिचं आवडतं कार्टून लावा, याबाबतीत माझी तत्त्वं मी गुंडाळून ठेवली आहेत. नवव्या दिवशी तेल काढून औषध. त्यानंतर आणखी दोन आठवडे दर तीन-चार दिवसांनी फणी. लागोपाठ दोन आठवडे एकही जिवंत ऊ निघाली नाही की संपलं.

लिखा दिसत राहतील, त्यांना भिऊ नका. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. लीख टाळूपासून बोटाच्या पेराएवढी लांब गेली असेल तर ती महिन्या-दोन महिन्यांपूर्वीची, नुसतं टरफल. टाळूला लागून, तपकिरी दिसते तिच्यावर लक्ष ठेवायचं. कोंडा की लीख हे कळत नसेल तर फुंकर मारा. कोंडा उडतो. लीख केसाला एका अंगाने चिकटलेली असते, दोन नखांत धरून ओढावी लागते. व्हिनेगरने तिचा डिंक विरघळतो असं म्हणतात, तसं होत नाही.

घराचं फार मनावर घेऊ नका. डोक्यावरून पडलेली ऊ रक्ताशिवाय एक-दोन दिवसांत मरते. गेल्या दोन दिवसांत वापरलेल्या उशांचे अभ्रे, टॉवेल, टोपी, हेअरबँड कडकडीत पाण्यात धुवा. फण्या-कंगवे हाताला सोसणार नाही अशा गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. धुता येत नाही तो टेडी पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे माळ्यावर. गाद्या उन्हात टाकल्या तर सासूबाईंना बरं वाटेल. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावू नका.

खाज उवा गेल्यावरही आठवडा-दोन आठवडे राहते. नुसती खाज बघून औषध लावायचं नाही, जिवंत ऊ बघून लावायचं. खाजवून खाजवून टाळूवर पाणी सुटलं, पिवळ्या खपल्या धरल्या, मानेला किंवा कानामागे अवधाणं म्हणजे गाठी आल्या, ताप आला, तर ते पिकलेलं आहे. त्याला वेगळं औषध लागतं, डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. एका मुलीच्या डोक्यात खूप उवा आहेत. इतर मुली तिच्याजवळ बसत नाहीत, नावं ठेवतात. दोन पालकांनी ‘तिला घरी पाठवा’ म्हणून सांगितलं. तिची आई ऊसतोडीला जाते, मुलगी आत्याकडे असते. काय करू?
— एक शिक्षिका, बीड जिल्हा

उत्तर : बाई, घरी पाठवू नका. डोक्यातल्या उवांमुळे कोणताही आजार पसरत नाही, ना डेंगी ना आणखी काही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही स्पष्ट म्हणणं आहे, की उवा किंवा लिखांसाठी धडधाकट मुलाची शाळा बुडवू नये. तुम्हाला आज दिसलं म्हणजे महिनाभर तरी आहे. एक दिवस जास्त बसली म्हणून काही बिघडत नाही. शाळा बुडाली तर त्या मुलीचं बिघडतं.

‘नावं ठेवतात’ याचा बंदोबस्त तुमच्याच हातात आहे. एका मुलीला उवा म्हणजे वर्गात आणखीही काही जणींना बहुधा असणारच, त्यांना माहीत नाही इतकंच. नाव न घेता सगळ्या घरी एकच निरोप पाठवा : ‘वर्गात उवा आढळल्या आहेत, या रविवारी घरातल्या सगळ्यांची डोकी बघा.’ सगळ्यांनी एकाच दिवशी केलं तर उपयोग. नाहीतर ती दोघं पालक आपापल्या मुलींना औषध लावतील, सोमवारी त्याच मुली पुन्हा डोकी जोडून बसतील आणि दोष पुन्हा तिचाच. केस तपासायचेच असतील तर वर्गासमोर नको. मुलींना दोन वेण्या घट्ट, वर बांधून यायला सांगा. मोकळे केस जास्त भिडतात.

त्या मुलीचं सांगू? आत्याला आठवड्यातून दोनदा अर्धा तास काढता येईल असं मला वाटत नाही. एक स्टीलची फणी तुमच्या कपाटात ठेवा. मधल्या सुट्टीत अंगणवाडीच्या मदतनीस ताईंना किंवा गावातल्या आशाताईंना विचारून बघा. त्यांच्यातली एखादी पायरीवर बसून हे करून देईल, आणि इतर मुली मोजायला गोळा होतील. औषधासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, आत्याला आणि तिच्या पोरांनाही त्याच दिवशी. साखर कारखान्याच्या पट्टीवर आई परत गेली की मुलगी कधी तिच्याबरोबर कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीवर, जाते का, तेही विचारून ठेवा. जात असेल तर तिथेही एक फणी गेली पाहिजे.

प्रश्न : नातू सात महिन्यांचा आहे. त्याच्या ताईकडून त्याला उवा झाल्यात. औषध चालेल का? आणि आमच्या कुत्र्यालाही होतील का?
— एक आजोबा, डोंबिवली

उत्तर : कुत्र्याला नाही होणार, माणसाची ऊ माणसावरच जगते. कुत्र्याच्या अंगावर असतील त्या बहुधा पिसवा किंवा गोचिडी, त्यांचा हिशोब वेगळा.

नातवासाठी फणीच बरी. परमेथ्रिन १ टक्का दोन महिन्यांवरच्या बाळांना देता येतं, पण या वयात ते तुमच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं तरच. केस बेताचे असतील, थोडं खोबरेल लावून मऊ हाताने दर तीन दिवसांनी बारीक फणी फिरवा. टाळू अजून भरलेली नसते, तिथे दाब देऊ नका. ताईचं औषध मात्र वेळेवर दोनदा झालं पाहिजे, नाहीतर तुम्ही याचं डोकं साफ कराल आणि ती पापी घ्यायला वाकेल. दोघांना तीन आठवडे वेगवेगळ्या उशांवर झोपवा. जमलं तर.

प्रश्न : तुमच्या मागच्या एका लेखात लाकडी फणीचा उल्लेख होता. माझ्याकडे आईची आहे. उवा काढल्यावर ती उकळून घेतली तर चालेल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : उकळू नका. लाकूड फुगतं, दात वाकतात आणि वाळल्यावर एकेक तुटतो. माझ्या आजीची फणी मी अशीच घालवली, एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला असताना, जंतू मारायचे म्हणून. आजी काही बोलली नाही, नुसती ती फणी उन्हाकडे धरून बघत राहिली. तुमच्या आईच्या फणीचे दात जुन्या ब्रशने साफ करा, कोरड्या पिशवीत बांधून दोन आठवडे ठेवून द्या आणि मग थोडं तेल पुसा. उवांसाठी स्टीलची वेगळी आणा.